योहान सरांच्या आईचं छप्पर

आमच्या कॉलेजात योहान गावित नावाचे एक सर आहेत. अर्थशास्त्र शिकवतात. ‘आहेत’ म्हणते खरी, पण दर उन्हाळ्यात ते नसतात आणि कॉलेज उघडलं की पुन्हा असतात. तासिका तत्त्वावर म्हणजे असंच असतं. जेवढे तास शिकवले तेवढेच धरायचे. सुट्टी लागली की माणूस संपला, जून लागला की पुन्हा अर्ज करून जिवंत व्हायचं. मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात सीनियर क्लार्क, कामिनी. माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. हे सांगतानाही ते फटकळच राहणार.

योहान नवापूरकडचा, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या डोंगरातल्या एका पाड्यातला. बाप अब्राहाम लवकर वारला. आई सोमीबाई हद्दीपलीकडे भातलावणीला जायची, ऊसतोडीला जायची, आणि पोरगं मिशनच्या वसतिगृहात. घरात त्याची मावची बोली, शाळेत मराठी, सुट्टीत आईबरोबर मजुरीला गेला की गुजराती, आणि आमच्याकडे शहाद्याच्या बाजूला आल्यावर अहिराणीही शिकला. चार भाषा बोलणारा माणूस, पण चारींमध्ये हळूच बोलणार. सेट पास झाला, पीएच.डी. झाला, लग्न झालं. बायको लिडिया नवापूरला एका दवाखान्यात नर्स आहे. हा शनिवारी गावी जातो आणि सोमवारी पहिल्या एसटीने परत येतो.

शिकवतो कसा म्हणाल, तर मी ऑफिसातली बाई, मला काय कळतंय. पण मला एवढं दिसतं, की बाकीच्यांच्या तासाला पोरं गेटवर उभी असतात आणि याच्या तासाला बाकांवर. एकदा मी हजेरीपट घ्यायला वर्गात गेले तर हा विचारत होता, की खापर गावच्या बाजारात कोंबडी विकायला आलेली बाई दिवस कलता कलता भाव का पाडते. पोरं भांडत होती हो! अर्थशास्त्राच्या तासाला पोरं भांडताना मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. हजेरीपट तिथेच विसरून आले.

आता भूपेंद्र सर. डॉ. भूपेंद्र पाटील, विभागप्रमुख. माझ्याच गावचे, ब्राह्मणपुरीचे, गल्लीसुद्धा एकच. लहानपणापासून त्यांना भूपेंद्रभाऊ म्हणते. गोरेगोमटे, इस्त्रीचे कपडे, माईक हातात आला की सोडवत नाही. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे.

प्राध्यापकांचं एक असतं. वरची श्रेणी हवी असेल तर अधूनमधून स्वतः विद्यार्थी होऊन कोर्स करावा लागतो. रिफ्रेशर म्हणतात त्याला. पूर्वी त्यासाठी बॅग भरून विद्यापीठात जाऊन राहावं लागायचं. करोनापासून हे कोर्स ऑनलाइन झाले, आणि आमच्याकडे एक नवीच पद्धत पडली. मोठ्या सरांचा कोर्स लागला की तासिकेवरचा कोणीतरी लॅपटॉपसमोर बसवायचा. स्टाफरूममध्ये उघड विचारायचे, ‘तुम्ही कोणाला बसवलं?’ जसं काही गहू राखायला शेतात कोणाला बसवलंय! कॅमेरा बंद ठेवायचा, विचारलं तर सांगायचं, नंदुरबार जिल्हा आहे सर, नेट येत नाही. हे वाक्य सगळ्यांना पटतं.

भूपेंद्र सरांचा प्रोफेसरपदाच्या आधीचा शेवटचा रिफ्रेशर लागला तेव्हा त्यांच्या मुलीचं, चेतनाचं लग्न होतं. त्यांनी योहानला बसवलं. बोलावून खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “योहान, तू घरचा. आपली रिक्त जागा लवकरच निघते आहे. ती तुझी. मी बसलोय ना इथे?”

योहानला ती जागा हवी होती. एवढीच एक गोष्ट त्याला हवी होती, हे ध्यानात ठेवा. गाडी नको, बंगला नको. उन्हाळ्यातही ‘आहे’ म्हणता येईल अशी नोकरी हवी होती, म्हणजे सोमीबाईला हद्दीपलीकडे जावं लागणार नव्हतं. त्या वयातही ती बाई दुसऱ्याच्या चिखलात भात लावत होती.

कॉलेजात नेट चांगलं येतं ते फक्त माझ्या टेबलामागच्या रेकॉर्ड रूममध्ये. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे. दोन आठवडे योहान तिथे धुळीत बसला. स्क्रीनवर टाय लावलेल्या भूपेंद्र सरांचा फोटो आणि खाली त्यांचं नाव. हजेरी घेतली की हा म्हणायचा, “येस सर, भूपेंद्र पाटील.” पहिल्या दिवशी मला हसू आलं, पुढे पुढे नाही आलं.

शेवटी शेवटी प्रत्येकाला एक छोटा पाठ घेऊन दाखवायचा होता, त्यावर श्रेणी मिळणार. पार्टिशनपलीकडचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता. विषय होता राष्ट्रीय उत्पन्न. योहान म्हणाला, “माझ्या आईच्या घरावर नळीची कौलं आहेत. पावसाळ्याआधी ती सगळी उतरवून परत चढवावी लागतात. त्या दिवशी पाड्यातलं घरटी एक माणूस येतं. मजुरी कोणी घेत नाही. आई सगळ्यांना जेवू घालते, आणि उद्या ती त्यांच्या घरी जाते. एका वर्षी शेजारचा एक जण ताप अंगात घेऊन आला. त्याला वर चढवलं नाही. तो जांभळीखाली पाण्याची घागर सांभाळत बसला. आईने त्याला सगळ्यांच्या आधी वाढलं, कारण तो आला होता. आता सांगा, एवढ्या लोकांनी दिवसभर घाम गाळला, घर शाकारून झालं, पण पैसा कोणाच्या हातात पडला नाही. देशाच्या उत्पन्नात हे काम शून्य धरलं जातं. म्हणजे हिशेबापुरतं माझ्या आईच्या डोक्यावर छप्परच नाही.”

मी टायपिंग थांबवून बसले होते. खोटं का सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

पलीकडून एक वयस्कर आवाज आला. “वा, डॉ. पाटील! असा पाठ मी फार वर्षांत ऐकला नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.”

“सांगतो सर,” योहान म्हणाला.

बाहेर आला तेव्हा चेहरा उजळला होता नुसता. “कामिनीताई, त्यांनी आईला नमस्कार सांगितला!” वेडा कुठला. तो नमस्कार मंगलाबाईंना सांगितलाय, म्हणजे भूपेंद्र सरांच्या आईला, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सरांना ‘अ’ श्रेणी मिळाली, यथावकाश प्रोफेसर झाले. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. योहानला पेढा देताना डोळा मिचकावून म्हणाले, “घे, यात तुझाही वाटा आहे.” याने तो पेढा कागदात बांधून घरी नेला.

मग जागा निघाली. अनुसूचित जमातीसाठी राखीव, अर्थशास्त्र, कायम. भूपेंद्र सर कॉरिडॉरमध्येच मोठ्याने म्हणाले, “योहान, शर्ट नवा शिव.” आमच्याच प्यूनने, चैत्याने, त्याला आगाऊ पार्टी मागितली. मुलाखतीआधी वर्गात एक पाठ घेऊन दाखवायचा असतो, विषय उमेदवाराने निवडायचा. योहान माझ्याकडे विषय नोंदवायला आला आणि म्हणाला, राष्ट्रीय उत्पन्न.

“तोच?” मी विचारलं.

“तोच ताई. सगळ्यात चांगला तोच येतो मला. माझ्या आईचाच तर आहे, मी कोणाचा उचलला थोडाच?”

बाहेरून येणारे तज्ज्ञ कोण, हे शेवटपर्यंत कोणाला सांगत नाहीत. मुलाखतीच्या दिवशी गाडीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले आणि माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, “मॅडम, डॉ. भूपेंद्र पाटील कुठे भेटतील? मी त्यांचा चाहता आहे.” तो आवाज मी ओळखला. आईंना नमस्कार सांगणारा तोच. योहानला सांगायला धावत गेले, तर तो वर्गात खडू घेऊन उभा, मागच्या बाकांवर संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, भूपेंद्र सर बसलेले, आणि फळ्यावर विषय लिहून झालेला.

तज्ज्ञ सर आत आले, ‘सुरू करा’ म्हणाले, आणि योहानने त्यांचा आवाज ऐकला.  मला वाटलं बदलेल काहीतरी, कोंबडीचं सांगेल, दुसरं काही सांगेल. पण माणूस घाबरला की त्याला सगळ्यात पाठ असलेलंच तोंडात येतं. “माझ्या आईच्या घरावर नळीची कौलं आहेत,” तो म्हणाला.

मी कागदपत्रं घेऊन दाराशी उभी होते. तज्ज्ञ सर आधी हसले, मग हसायचे थांबले. घागरीपाशी बसलेल्या माणसाची गोष्ट आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

“हे उदाहरण कुठून घेतलं तुम्ही?”

“घरचं आहे सर. माझी आई...”

“तुमची आई. आणि तो तापाचा माणूस? तोही तुमच्याच पाड्यातला?”

“हो सर.”

“अहो, निदान उदाहरण तरी बदलायचं!” म्हाताऱ्याचा आवाज चढला. “डॉ. पाटील, हा तुमचा पाठ. मी स्वतः त्याला श्रेणी दिली आहे. या गृहस्थांनी तुमचे शब्द उचलले, तापाचा माणूस उचलला, तुमची आईसुद्धा उचलली!”

सगळ्यांनी भूपेंद्र सरांकडे पाहिलं. योहाननेही पाहिलं. मला अजून ती त्याची नजर आठवते. त्याला खरंच वाटत होतं की सर आता काहीतरी मार्ग काढतील.

सरांनी ग्लास उचलला, दोन घोट पाणी प्याले आणि रुमालाने ओठ टिपले. “जाऊ द्या सर,” ते म्हणाले, “माझ्या हाताखाली तयार झालाय. विभागात आम्ही चर्चा करतो, त्यात माझ्या तोंडून ऐकलं असेल. पोरगा मेहनती आहे, त्याच्यावर राग धरू नका.”

“हा तुमचा मोठेपणा,” तज्ज्ञ म्हणाले. “आईंचं ते घर अजून आहे?”

“आहे ना सर. गावी. तसंच आहे.”

“आवाज मात्र त्या वेळी वेगळा वाटायचा तुमचा.”

“नेट सर. आमच्याकडे नेट फार वाईट.”

ब्राह्मणपुरीतल्या मंगलाबाईंच्या घराला दोन मजले आहेत. वर स्लॅब, स्लॅबवर सोलर, भिंतींना बाहेरून टाइल्स. मी त्या घरात दिवाळीचा फराळ खाल्लाय! माझ्याच्याने राहवलं नाही. “साहेब, एक मिनिट, मला काही सांगायचं...” एवढं मी म्हणाले, तोच अध्यक्ष मान न वळवता म्हणाले, “कामिनीताई, चहाचं बघा.” प्राचार्यांनी उठून माझ्या तोंडावर दार लावलं.

योहान बाहेर आला तो थेट सायकल स्टँडपाशी. मी मागे गेले. “अरे बोल ना आत जाऊन! मी येते, मी सांगते रेकॉर्ड रूमचं.”

“काय सांगाल ताई?” नेहमीसारखाच हळू बोलत होता. “की मी दुसऱ्याचं नाव घेऊन दोन आठवडे हजेरी दिली? सरांना नोटीस येईल, ते उत्तर देतील, मिटेल. माझं नाव मात्र सगळ्या कॉलेजांत जाईल. आज चोर ठरलो तो चार माणसांत. ते सांगितलं तर सगळीकडे ठरेन.”

“आणि आई?”

 नव्या शर्टाच्या बाहीला खडू लागला होता, तो झटकत राहिला.

निकाल मीच टाइप केला. ‘योग्य उमेदवार आढळला नाही.’ जागा रिकामी ठेवली, म्हणजे पुन्हा कधीतरी निघणार. आणि पुन्हा निघणार म्हणूनच योहान अडकला. त्या दिवशी सरळ दुसऱ्याची नेमणूक झाली असती तर तो दोन शिव्या घालून निघून तरी गेला असता. आता पुढच्या मुलाखतीलाही विभागप्रमुख भूपेंद्र सरच असणार होते.

मी त्यांना गाठलंच. स्टाफरूम रिकामी होती, कपाटाला कुलूप घालत होते. कॉलेजात मी त्यांच्याशी मराठीच बोलते. त्या दिवशी गावची बोली तोंडात आली. “भूपेंद्रभाऊ, तुमले लाज कशी वाटनी नही? दुसरानी माय चोरी तुमीन!”

जरासुद्धा चिडले नाहीत. “कामिनी, तू उगाच तापी ऱ्हायनी. मी काय त्यानं वाईट करं? पोस्ट आखो निंघी. पुढला टाइमले त्यालेच लेसूत. मी शब्द देल शे.” जागा पुन्हा निघेल, तेव्हा त्यालाच घेऊ म्हणे! आणि किल्ली खिशात टाकून गेले. खरं सांगते, त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं.

वाटलं, इथे संपलं असेल. कसलं संपतंय! त्या तज्ज्ञ सरांच्या डोक्यात तो पाठ बसला होता. नव्या रिफ्रेशरमध्ये इतर प्राध्यापकांपुढे ‘स्थानिक उदाहरणातून अध्यापन’ यावर बोलायला त्यांनी भूपेंद्र सरांना बोलावलं. या वेळी समोरासमोर, मोठ्या सभागृहात. वर निरोप, की आईंच्या घराचे फोटो जरूर दाखवा. सरांनी योहानला बोलावलं. तासाची तयारी त्याच्याकडून करून घेतली, दोन दोनदा म्हणवून घेतलं. मी पार्टिशनमागून ऐकत होते. योहान सांगायचा, “सर, घागर म्हणताना थांबायचं.” सर थांबायचे. मग विचारलं, “शाकारणी कधी आहे तुमची यंदा?”

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही गाडीतून त्या पाड्यावर गेलो. भूपेंद्र सर, त्यांच्या आई मंगलाबाई, आणि मी. मी का गेले? मंगलाबाई एकट्या यायला तयार नव्हत्या. “कामिनी, तू चाल वं मन्हासंगे, हाऊ माले कोठे ली जाई ऱ्हायना, माले समजत नही,” म्हणाल्या. म्हातारीला नाही कसं म्हणू?

योहानचं घर चढावर आहे. पाड्यातली माणसं वर चढून कौलं एकमेकांच्या हातात देत होती. सोमीबाई खाली उभी राहून फुटकी कौलं बाजूला काढत होती. बारीक, काळी, हसरी बाई. कॉलेजातले मोठे साहेब स्वतःच्या आईला घेऊन आपल्या घरी आले, म्हणजे लेकाची नोकरी झालीच, असं तिने धरलं होतं. लिडियाने सांगितलं, सासूबाई पहाटेच प्रार्थना म्हणून नवं लुगडं नेसल्या. आम्हाला तांदळाची भाकरी, उडदाची डाळ वाढली. भूपेंद्र सर दोन वेळा डाळ मागून जेवले. जांभळीखाली बसूनच जेवले.

मग त्यांनी मंगलाबाईंना दारात उभं केलं. मंगलाबाई गांगरल्या. “मन्हा घरले तं स्लॅब शे, भूपेंद्र. आठे मी काबर उभी ऱ्हाऊ?”

“माय, दोनच मिनिटं. शिकाडाना कामले लागस,” सर म्हणाले. मग आईच्या साडीकडे पाहून म्हणाले, “रंग फार भडक दिसतोय. योहान, तुमच्याकडे ओढणी वगैरे काही?”

योहान उत्तर देईपर्यंत सोमीबाईने आपल्या डोक्यावरची ओढणी काढली आणि स्वतः मंगलाबाईंच्या खांद्यावरून नीट पांघरली. तिला वाटलं, पाहुणीला ऊन लागतंय. तिथेच मंगलाबाईंचा हात धरून, फोटोसाठी ताठ होऊन शेजारी उभी राहिली. पाड्यातल्या बायका वरून हसून काहीतरी म्हणाल्या, तीही हसली.

फोन योहानच्या हातात होता. सर त्याच्या कानाशी आले. “वरची माणसं राहू दे, छान वाटतात. मावशींना तेवढं बाजूला घे.”

मंगलाबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी पुढे झाले आणि म्हणाले, “योहान, फोन खाली ठेव. ठेव तो खाली!” त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याची बोली मला पूर्ण येत नाही, पण इतकी वर्षं शेजारी बसून फोनवर ऐकलीय, एवढं समजतं. तो म्हणाला, “आई, जरा बाजूला हो. फोटोत येतेस.”

ती लगेच झाली. पाहुणीचा हात सोडून दोन पावलं सरकली. त्याने फोन वर धरला, पुन्हा खाली घेतला. “अजून थोडी.” ती आणखी सरकली, उतरवलेल्या कौलांचा ढीग होता त्याच्या मागे जाऊन उकिडवी बसली, पदर गोळा करून घेतला आणि तिथूनच ओरडून विचारलं,

“आता? अजून दिसते का मी?”

योहानने फोनमध्ये नीट पाहिलं.

“नाही, आई. आता नाही दिसत.”